कोमट तेलाची वाटी

माझ्या डाव्या पायात आता गुडघ्याच्या जागी धातू आहे, आणि गुडघ्यावरच्या हाडाचा बराचसा भागही धातूचाच आहे. विमानतळावर मी जवळ गेले की यंत्र ओरडतं आणि तिथल्या बाईंना सगळं सांगावं लागतं. मी ते एका वाक्यात सांगते: हाडाचा कॅन्सर होता, परदेशात ऑपरेशन झालं, आता बरी आहे. त्या बाई लगेच हळव्या होतात आणि मला पुढे सोडतात. पण त्या एका वाक्यात माझी माय येत नाही, म्हणून इथे जरा लांबवून सांगते. ज्यांच्या घरात कुणाचा पाय किंवा खांदा बरेच दिवस दुखतोय आणि घरच्या घरी इलाज चाललाय, त्यांनी हे वाचावं.

मायचे हात

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, देवणीजवळ. मायचं माहेर देगलूरकडचं, तेलंगणाच्या सीमेवरचं. माय लेकरांना न्हाऊ घालते. हा तिचा धंदा नाही, हौस आहे. गावात कुणी बाळंतीण माहेरी आली की त्या घरून निरोप येतो, "काकू, उद्यापासून या." मग माय घाण्यावरचं करडीचं तेल कोमट करते, मनगटावर थेंब टाकून बघते, पाय लांब करून बसते आणि लेकराला पायांवर घेते. घर डोक्यावर घेणारं पोर तिच्या पायांवर झोपून जातं. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली आहेत. आता ती मिशा फुटलेली पोरंही तिला बघून गाडीचा वेग कमी करतात.

घरातही तसंच. माझ्या वडिलांची, अप्पांची कंबर, संतोषदादाचा खांदा, माझं पोट, काहीही दुखलं की पहिला इलाज म्हणजे मायचे हात. बहुतेक वेळा दुसरा लागायचाच नाही.

एम.ए., बी.एड. झाल्यावर मी देवणीच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होते. वर्ग वरच्या मजल्यावर होता. दिवाळीच्या सुमारास जिना चढताना डावा गुडघा दुखायला लागला. मग गुडघ्याच्या वर थोडी सूज दिसायला लागली. माय म्हणाली, "मुरगळलाय. मी हाय की." रोज संध्याकाळी तेल, चोळणं, वर निर्गुडीच्या पाल्याचा शेक. आणि मला बरं वाटायचं, हे मी लपवणार नाही. दुखणं कमी होत नव्हतं, पण मायच्या मांडीवर पाय टाकून दिवसभराच्या शाळेच्या कागाळ्या सांगण्यात मजा होती.

डॉक्टरकडे का गेलो नाही? माझं स्थळ बघणं चालू होतं, म्हणून. लातूरच्या दवाखान्यांत आमच्या भावकीतलं कुणी ना कुणी असतंच. कुणी कंपाउंडर, कुणी औषधाच्या दुकानात, कुणी नुसतंच पेशंटला भेटायला आलेलं. पोरीच्या पायात काहीतरी आहे, ही बातमी एक्स-रेची फिल्म वाळायच्या आत चार तालुक्यांत गेली असती. माय म्हणायची, "सोयरीक जमू दे, मग दाखवू. तवर चालनं सरळ झालं पायजे." म्हणून ती आणखी जोर लावून चोळायची.

पाणी आणा

निलंग्याकडचे पाहुणे आले. मी खाली सतरंजीवर बसले होते. नाव, शिक्षण, आवडी असं सगळं झालं. मग मुलाचे मामा म्हणाले, "बाई, जरा आतून पानी आना बरं." तहान कुणालाच नव्हती. मुलीला चालताना बघायचं असतं, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

माय पटकन म्हणाली, "मी आनते की!"

"तुम्ही कामून? पोरीलाच आनू द्या."

मी भिंतीला हात लावून उठले. दोन पावलं ठीक पडली, तिसऱ्याला गुडघा दगा देऊन गेला आणि मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"पायात काय हाय पोरीच्या?" मामांनी विचारलं.

"कायबी न्हाई हो. काल पायरीवरून घसरली," माय इतक्या सहज म्हणाली की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

नकार आला. माय रडली. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, कारण आता गुडघा डॉक्टरला दाखवायला कुणाची आडकाठी नव्हती. तरी लातूर नकोच, असं ठरलं. नांदेडला आमचं कुणी नव्हतं, म्हणून नांदेड.

नांदेड

नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि तो खाली ठेवायला बराच वेळ लावला. मग अप्पांना म्हणाले, "पोरीला बाहेर बसू द्या."

मी म्हणाले, "गुडघा माझा आहे. मी पण ऐकते."

त्यांनी खुर्ची दिली. "हाडात गाठ दिसतेय. नेमकं काय आहे ते तुकडा तपासल्यावर कळेल, पण तो तुकडा कुठेही काढून घेऊ नका. जिथे हाडाच्या गाठींचंच काम चालतं अशा मोठ्या ठिकाणी जा, तेच काढतील. आणि थांबू नका."

"सायेब, पाय राहील ना?" अप्पांनी विचारलं.

"आधी पोरगी राहू द्या," डॉक्टर म्हणाले. तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. आता वाटतं, आम्हाला कुणीतरी इतकं सरळ बोलायला हवंच होतं.

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. मायने माझा पाय मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत गुडघा हळूहळू दाबत राहिली. त्यानंतर तिने माझ्या पायाला हात लावला नाही.

सिंगापूरला

माझा भाऊ संतोषदादा सिंगापूरला नोकरीला आहे. त्याने माझे रिपोर्ट तिथल्या हाडाच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, घेऊन या. मुंबईतही हे उपचार होतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा परदेशाचं नाव वाचून कुणी हातपाय गाळू नयेत. आमचा माणूस तिथे होता, म्हणून आम्ही तिथे गेलो. पैशाचं अप्पांनी आणि दादाने पाहिलं. त्यावर मी लिहिणार नाही.

अप्पा जनावरांसाठी मागे राहिले. मायने सामानात करडीच्या तेलाच्या दोन बाटल्या घातल्या. एक माझ्या पायासाठी, तिथले डॉक्टर लावा म्हणाले तर, आणि एक येणाऱ्या नातवंडासाठी. अर्चनावहिनीचे दिवस भरत आले होते. "तिकडं असलं तेल कुटं मिळतंय," असं म्हणत मायने बाटल्यांची बुचं मेणाने बंद केली आणि त्या माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळल्या.

डॉक्टरांचा प्रश्न

तिथल्या डॉक्टर साठीकडे झुकलेल्या, आखूड पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. घाई अजिबात नाही. दुखणं कधी सुरू झालं, रात्री जास्त होतं का, वजन उतरलं का, सगळं विचारत गेल्या. दादा मायला मराठीत सांगत होता. मग बाईंनी स्वतःच्या गुडघ्यावर दोन्ही तळवे ठेवून चोळून दाखवलं आणि काहीतरी विचारलं.

दादाने मायकडे वळून विचारलं, "माय, हिचा गुडघा कुनी चोळला व्हता का? डॉक्टर विचारून राहिल्या."

इतकी वर्षं परदेशात राहिलेल्या दादाला घरातलं काहीच माहीत नव्हतं. मायने आधी डॉक्टरांच्या हातांकडे बघितलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई बाबा. कुनी हात बी न्हाई लावला."

दादाने मला विचारलं, "ना गं?"

"नाही," मी म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं आणि समाधानाने मान हलवून दोन वाक्यं बोलल्या. दादाने ते मायला समजावून सांगितलं, "बरं झालं म्हनतेत. असली गाठ चोळायची नसती म्हनं. चोळली तर लई वाईट."

"हाव," माय म्हणाली. पदराच्या आत तिचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेले मला दिसले.

काही दिवसांनी, तपासणीच्या वेळी एकटी असताना, मी डॉक्टरांना सांगितलं की मायने गुडघा चोळला होता, बरेच महिने. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चोळल्यामुळे हा आजार होत नाही, तो आधीपासून हाडात होता. चोळण्याने तो किती बिघडला ते कुणालाच सांगता येणार नाही. तुमचा वेळ गेला, एवढं मात्र सांगता येईल. मग म्हणाल्या, आईला सांगा, हे तिच्या हातांनी झालेलं नाही.

मी मायला सांगितलं नाही.

का, ते आज मला नीट सांगता येत नाही. सांगितलं असतं तर दादासमोर आम्ही दोघी खोट्या पडलो असतो, हे एक. शिवाय गेलेल्या वेळाचंही सांगावं लागलं असतं. आणि खरं बोलायचं तर मला मायचा राग आला होता. स्थळासाठी, भावकीसाठी, त्या दोन पावलांसाठी माझा पाय पणाला लागला, असं वाटत होतं. तिला थोडं सोसू दे, असंही कुठेतरी वाटलं असेल. राग ओसरल्यावर सांगू, असं मी ठरवलं होतं. राग लवकरच ओसरला, तरी मी बोलले नाही.

वॉर्ड

आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो, असं ठरलं. केमोबद्दल लोक केसांचं विचारतात. केसांचं काही वाटलं नाही. आमच्या शाळेतल्या पोरांनी मला तशी पाहिली असती तर आयुष्यभराची टोपणनावं मिळाली असती, तेवढं वाचलं. जिवावर यायचं ते जेवणाचं झाकण उघडल्यावर येणाऱ्या वासाने. आणि सकाळी तोंडाला लोखंडाची चव असायची, तिने. ज्यांचं चालू आहे त्यांना सांगते, मला बर्फाचा खडा चघळून बरं वाटायचं. आधी डॉक्टरांना विचारा.

वॉर्डात आम्हाला एक देवमाणूस भेटला, लक्ष्मी सिस्टर. निजामाबादकडच्या. मायला इंग्रजीचा गंध नाही, पण देगलूरची असल्यामुळे तेलुगू तिला घरच्यासारखी. सिस्टरची ड्यूटी असली की दोघी खिडकीपाशी हळू आवाजात बोलत बसायच्या. मला तेलुगू येत नाही. मी मायला चिडवायचे, "सिंगापूरला येऊन माहेर सापडलं गं तुला. काय एवढं बोलून राहिलात?"

"काय न्हाई. घरचंच," ती म्हणायची.

त्या परक्या जागी मायला कुणीतरी भेटलं म्हणून मी निर्धास्त होते. बाकी दिवसभर ती खुर्चीत बसून असायची, हात मांडीवर, नाहीतर पदराखाली. पडून पडून पाय भरून आले की मी सवयीने म्हणायचे, "माय, दाब ना जरा." दुखरा नव्हे, उजवा पाय. ती उठायची आणि सिस्टरला बोलावून आणायची.

छकुली

ऑपरेशनच्या आधी वहिनीला मुलगी झाली. आम्ही सगळे दादाच्याच घरी राहत होतो. पहिल्या अंघोळीच्या दिवशी वहिनीने टॉवेल, टब, सगळं मांडून ठेवलं आणि मायला आवाज दिला, "आत्या, या. तेल कुठलं काढू?"

माय दारात उभी राहिली. "माजे हात लई खरखरीत झालेत बाई," ती म्हणाली. "लेकराची कातडी कवळी. तूच घाल."

वहिनीने मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत लेकराला न्हाऊ घातलं. लेकरू रडलं, तीही रडली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी वहिनी दादाला म्हणाली, आणि आम्हाला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "पोरगी झाली म्हणून त्या हात लावत नाहीत. पोरगा असता तर धावत आल्या असत्या."

दादा मायवर चिडला. आमच्या घरात असलं कधी झालं नव्हतं. माय त्याला एवढंच म्हणाली, "तसं न्हाई रे." सगळ्या गल्लीतल्या पोरींना न्हाऊ घालणाऱ्या बाईवर हा आळ आला, आणि तो खोटा आहे हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं. मी पांघरूण ओढून पडून राहिले. केमो चालू असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

दोन्ही हायेत

पाय वाचवायचा प्रयत्न करू, पण खात्री नाही, असं डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगितलं. आत गेल्यावर काय दिसतं त्यावर सगळं अवलंबून. शुद्धीवर आले तेव्हा मान उचलायची हिंमत नव्हती. पायाशी माय उभी होती. तिने माझ्या डोळ्यांत काय वाचलं कोण जाणे.

"हायेत," ती म्हणाली. "दोन्ही हायेत."

पांघरुणावरून पायांना हात लावून सांगता आलं असतं. तिने लांबूनच सांगितलं.

सिस्टर सांगतात

शेवटची केमो झाली. कागदपत्रं होईपर्यंत मी व्हीलचेअरमध्ये बसले होते आणि माय खाली दादाकडे गेली होती. लक्ष्मी सिस्टर माझ्याशी त्यांच्या निजामाबादी हिंदीत बोलायच्या. म्हणाल्या, "तुमको एक बात बोलती मैं. अम्मा रोज एकीच बात पूछते मेरेकू. ये मेरे हाथों से हुआ क्या? मैं रोज बोली, नै अम्मा, हाथों से ऐसा नै होता."

मी व्हीलचेअर त्यांच्याकडे वळवली.

"मानतेच नै. मालूम क्या बोलते? मेरी बेटी पढ़ी-लिखी है, बड़ी डॉक्टर से उसकी रोज बात होती. हाथों का कसूर नै होता तो बेटी अब तक बोल देती ना."

सिस्टर सहज बोलून कामाला गेल्या. म्हणजे इतके महिने माय माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटत होतं, मी काहीच बोलत नाहीये. तिच्या हिशेबी मी रोज तिला दोषी ठरवत होते.

माय वर आली. मी तिथेच, व्हीलचेअरमध्ये बसून, सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाल्या, कधी म्हणाल्या, सगळं. वेळ गेल्याचंही सांगितलं. "तुझ्या हातांनी न्हाई झालं, माय. डॉक्टरनंच सांगितलंय, तुला सांग म्हनून."

माय ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने माझ्या डोक्यावरचा रुमाल नीट केला.

"हाव," ती म्हणाली. "आता म्हनून राहिलीस."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी तो सोसला असता. छकुली तोवर पालथी पडायला लागली होती. तेल लावून पायांवर घ्यायचे तिचे दिवस निघून गेले होते. त्या रात्री मी दादा-वहिनीलाही खरं काय ते सांगितलं. वहिनीने मायची माफी मागितली. माय म्हणाली, "तुजी काय चूक, बाई," आणि भाकरी थापायला उठली.

घरी

आता मी गावी आहे. हा कॅन्सर पसरला तर आधी फुप्फुसांत जातो; माझी फुप्फुसं स्वच्छ आहेत. ठरल्या वेळी तपासणी असते आणि प्रत्येक वेळी आदले दोन दिवस मी घरातल्या सगळ्यांवर खेकसत असते. मांडी घालता येत नाही, जिना हळू चढते. शाळेने मला खालचा वर्ग दिलाय. चालताना थोडी लंगडते आणि आता ते लपवत नाही.

सांगायचं एवढंच आहे. हाडाजवळची सूज, न थांबणारं दुखणं असेल तर चोळू नका, शेकू नका, आधी एक्स-रे काढा. लातूरला काढा, देवणीला काढा, सगळ्या भावकीला कळू द्या. आणि ज्यांच्या घरात चोळून झालं असेल, त्यांनी चोळणाऱ्या माणसाशी लवकर बोला. तो विचारणार नाही. तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

तेलाच्या दोन्ही बाटल्या मेण न फोडता सिंगापूरहून परत आल्या. मध्यंतरी शेजारची सून बाळंत झाली. तिची सासू बोलवायला आली तेव्हा माय म्हणाली, "हात दुखतेत बाई आताशा." तिचे हात दुखत नाहीत. अजून सगळ्या घराच्या भाकरी तीच करते. मी वाद घातला, विनवण्या केल्या, पुन्हा डॉक्टरांचं सांगितलं. "कळलं गं, कळलं," म्हणते आणि विषय बदलते.

जखमेचा व्रण मऊ राहावा म्हणून त्यावर रोज तेल लावून बोटांनी चोळायला फिजिओथेरपिस्टने सांगितलंय. आता चोळायचं आहे. मी मायला सांगितलं, "बघ, डॉक्टरच म्हनतेत. चोळून दे." माझा आवाज मलाच लहानपणीचा वाटला. तिने नुसती मान हलवली.

म्हणून संध्याकाळी ओट्यावर पाय लांब करून मीच चोळते. बाटलीचं मेण मीच फोडलं. तेल मात्र तीच कोमट करून आणते. मनगटावर एक थेंब टाकून बघते, वाटी माझ्या हाताशी ठेवते आणि आत निघून जाते.